नजर उड्या मारते, मन पुढचे चाचपते

वाचताना आपली नजर ओळीवरून संथपणे सरकत जाते असे आपल्याला वाटते. तसे घडत नाही, याचा एक पुरावा चक्क कानांनी मिळाला. १८७९ साली एवाल्ड हेरिंग यांनी पापणीवर रबरी नळ्या टेकवून डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज ऐकला. वाचन सुरू झाले की मधूनमधून बोदे ठोके ऐकू येत. प्रत्येक ठोका म्हणजे नजरेची एक उडी! पॅरिसला एमिल झाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत लामार यांनीही नळी लावून असेच ठोके मोजले. पुस्तकांत बहुधा एकट्या झाव्हाल यांचे नाव येते; आमच्या मते हे न्याय्य नाही.

पुढे १८९८ च्या सुमारास अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी फारच धाडस केले. डोळा औषधाने बधिर करून त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची, मध्ये भोक असलेली वाटी बसवली आणि तिला ॲल्युमिनियमचा हलका काटा जोडला. फिरत्या, काजळी धरलेल्या नळकांड्यावर काट्याने जी रेघ ओढली, ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी होती. (वर्गात याहून सोपा उपाय आहे. छापील कागदाच्या मध्यभागी बारीक भोक पाडावे, विद्यार्थ्याला तो वाचायला द्यावा आणि मागून भोकातून त्याचे डोळे पाहावेत.)

नजर एका जागी सुमारे पाव सेकंद थांबते, तेवढ्यातच अक्षरे टिपली जातात. उडी मारताना जवळजवळ काहीच दिसत नाही. मग थांब्याच्या पुढचे किती दिसते? १९७५ साली जॉर्ज मॅक्‌कॉन्की आणि कीथ रेनर यांनी नजरेचा माग काढणारा संगणक वापरला. नजरेभोवतीची काही अक्षरे तेवढी खरी ठेवायची, बाकी सगळी बदलायची. ही ‘खिडकी’ नजरेबरोबर सरकत राही. असल्या प्रयोगांतून दिसले की इंग्रजी वाचकाला उजवीकडची सुमारे १५ अक्षरे उपयोगी पडतात, डावीकडची मात्र तीन-चारच. दूरच्या शब्दाचा अर्थ लागतो असे नव्हे. त्याची लांबी कळते, तर लगतच्या शब्दाची सुरुवातीची अक्षरे ओळखली जातात. त्यामुळे नजर तिथे पोचते तेव्हा काम अर्धेमुर्धे झालेले असते, आणि लहानसा शब्द तर ओलांडलाही जातो. एका नजरेत अख्खे पान वाचायला शिकवतो म्हणणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये.

ही उजवी बाजू डोळ्याच्या रचनेतून येते का? १९८१ साली अलेक्झांडर पोलात्सेक आणि सहकाऱ्यांनी हिब्रू व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणारे वाचक घेतले. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तीच माणसे, तेच डोळे. पण हिब्रू वाचताना खिडकी डावीकडे झुकली.

आणि मुले? १९८६ साली रेनर यांना आढळले की नवशिक्या वाचकांची खिडकी प्रौढांपेक्षा अरुंद असते. चौथीतल्या मुलांना त्यांच्या आवाक्याबाहेरचा मजकूर दिला, तेव्हा त्यांचीही खिडकी आकसली. समोरच्या शब्दाशीच झुंज चालू असल्यावर पुढचे चाचपायला मनाला सवड उरली नव्हती.