फोनो विकावा की ठेवावा

आजोबांच्या पश्चात आमच्या वाट्याला ज्या वस्तू आल्या, त्यांत 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा १०२ क्रमांकाचा, पेटीसारखा मिटणारा चावीचा फोनो आणि ५८ ध्वनिमुद्रिका होत्या. घर रिकामे करावयाचे होते. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने पेटी उघडली, चावी फिरवून पाहिली, पितळी कर्णा नाही म्हणून हळहळ व्यक्त केली आणि तरीही बऱ्यापैकी रक्कम सांगितली. ध्वनिमुद्रिकांचे काय, असे विचारता 'त्या असू द्या सोबत' एवढेच तो म्हणाला.

इतिहासाच्या दृष्टीने हा भाव नेमका उलटा आहे. १०२ हा नमुना १९३१ साली निघाला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ तयार होत राहिला. तो जगभर सापडतो. तबकडीची गोष्ट वेगळी. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या निघत त्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथल्या कारागिरांना गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारण्याची रीत पडली. कारखान्याची ही गरज पुढे गाण्याचाच भाग होऊन बसली.

मराठीत याहून मोठी गोष्ट घडली. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'तील पदांना चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवांचा स्वतःचा आवाज कोठेही मुद्रित झालेला नाही. रंगभूमीवर बालगंधर्व तीच पदे 'वन्समोअर' घेत मनसोक्त आळवीत; तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे. संहिता छापील उरली, प्रयोग विरून गेला आणि दोहोंच्या मध्ये ही आखूड केलेली तिसरी वस्तू राहिली. नाट्यसंगीताविषयी लिहिताना आपण पुष्कळदा या तिसऱ्या वस्तूविषयीच लिहीत असतो; 'प्रयोगा'चे नाव मात्र सर्रास घेतो. (आम्हीही घेतले आहे.)

तेव्हा तबकड्या ठेवाव्या, यंत्र द्यावे, असे आमचे जवळजवळ ठरले. त्याला आणखी एक सबळ कारण होते. फोनोचा साउंडबॉक्स शंभराहून अधिक ग्रॅम भार देऊन तबकडीवर टेकतो. लाखेच्या मिश्रणातील खरखरीत भुकटी पोलादी पिन घासते आणि पिनेचे टोक खाचेच्या आकाराचे होते. म्हणून दर बाजूस पिन नवी लावावयाची. घासली जाते ती एकटी पिन नव्हे. प्रत्येक श्रवणागणिक ऐकलेले थोडे झिजते. आजच्या हलक्या, या तबकड्यांसाठीच्या रुंद सुईने त्या अधिक स्वच्छ ऐकू येतात आणि शाबूत राहतात. ज्या यंत्रावर आजोबांनी त्या ऐकल्या, तेच त्यांचे वैरी.

व्यापाऱ्याला होकार कळवण्याच्या आदल्या संध्याकाळी पेटी पुसावयास घेतली. झाकणाच्या आत तबकड्या ठेवण्याचा कप्पा असतो. त्यात एक घडी घातलेला, वहीचा आखीव कागद निघाला. आजोबांच्या हातची ७१ ध्वनिमुद्रिकांची यादी. १३ नावांपुढे शिसपेन्सिलीने वाड्यातल्या बिऱ्हाडांची नावे. काहींवर 'आली' अशी नोंद करून ती खोडलेली. म्हणजे पुन्हा गेली. एका नाटकाच्या तीन पदांपुढे एकच आडनाव तीनदा. या यंत्राला आवाज लहानमोठा करण्याची सोय नाही. लावले की साऱ्या वाड्याने ऐकावयाचे. पुढे तबकड्याही हिंडू लागल्या असाव्यात.

संहिता, प्रयोग, तबकडी अशी मांडणी आम्ही केली होती. ऐकणारे तीत कोठेच नव्हते. ते या झाकणात होते. कागद काढून घेऊन पेटी देणे सहज शक्य होते, आणि घरातील एकीने तसे सुचवलेही. परंतु यादी ज्या कप्प्याच्या मापाने दुमडली आहे, तो कप्पा हाच.

व्यापाऱ्यास नकार कळवला. तबकड्यांचे संगणकीय मुद्रण आता हलक्या सुईने चालू आहे. फोनोवर वाजवावयास एकच वेगळी काढली आहे; तिला आधीच तडा गेलेला होता. दर फेऱ्याला एक टिचकी वाजते, एका मिनिटाला ७८. यादीतल्या १३ तबकड्यांपैकी एका बिऱ्हाडाचा पत्ता लागला असून तिकडे पत्र धाडले आहे.