दवावरचा आळ

जपानच्या क्यूशू बेटावर, फुकुओका परिसरात, १८८४ साली शेतकऱ्यांना भाताच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळताना दिसल्या. कोणी मातीतल्या आम्लाला दोष दिला, कोणी दवाला. या रोगाचा इतिहास सांगताना हा समज भाबडा म्हणून एका ओळीत उरकला जातो. मला तो तितका भाबडा वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ताकाइशी यांनी तेच दव तपासले. रोगट पानांवरचे थेंब गढूळ होते, त्यांत जिवाणूंचे पुंजके होते. तो थेंब निरोगी रोपात घातल्यावर रोग उमटला. १९११ मध्ये बोकुरा यांनी जिवाणू वेगळा केला, १९२२ मध्ये इशियामा यांनी त्याचे वर्णन करून नाव दिले. आज त्याला ‘झँथोमोनास ओरायझी’ म्हणतात आणि रोगाला आपण ‘कडा करपा’ म्हणतो. दव निर्दोष ठरले खरे. पण शोध कुठे घ्यायचा ते शेतकऱ्यांनी अचूक सांगितले होते.

भाताच्या पानाच्या कडेला सूक्ष्म जलरंध्रे असतात. दमट रात्री मुळांनी ओढलेले जास्तीचे पाणी त्यांतून पाझरते. म्हणजे पहाटे पानावर दिसणारा प्रत्येक थेंब हवेतून आलेला नसतो. त्या थेंबातला जिवाणू याच रंध्रांतून आत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढतो. दुसरी वाट जखमांची. वादळात पाने एकमेकांवर घासून फाटतात, पाऊस जिवाणू शिंपडतो, पुराचे पाणी त्याला शेजारच्या खाचरात नेते. म्हणून जपानमध्ये टायफूनमागोमाग रोग बळावे. २५ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्क्यांवरची आर्द्रता त्याला मानवते. कोकणातला श्रावण-भाद्रपद याहून वेगळा कुठे असतो?

भारतात तो प्रथम महाराष्ट्रातच, १९५१ मध्ये आढळला. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांचा शोधनिबंध १९५९ चा. तरी मोठी साथ आली ती १९६३ मध्ये, बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात. त्यानंतर ‘तायचुंग नेटिव्ह-१’ हे बुटके, भरघोस पण या रोगाला सहज बळी पडणारे वाण देशभर पसरले आणि त्याच्यामागून करपाही. मोसमी पाऊस तर शतकानुशतके पडतच होता. नवे होते ते वाण आणि त्याला दिलेले भरमसाट नत्र. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडण्याची जुनी रीतही जिवाणूला आयती जखम देत होती.

पीक बुडाले की आपण ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मोकळे होतो. मग बियाणे कोणी निवडले आणि खत किती टाकले, हे विचारायचे राहून जाते. पाऊस थांबवता येत नाही. शेंडे न खुडणे, नत्र हप्त्याहप्त्याने देणे आणि प्रतिकारक वाण लावणे मात्र हातात असते. फुकुओकाच्या शेतकऱ्यांपाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. आपल्यापाशी तो आहे, तेव्हा सगळा दोष आभाळाच्या माथी मारण्याची सबब आपल्याला उरलेली नाही.