भोवणे
संस्कृत ‘भ्रम्’ धातूपासून आलेले ‘भोवणे’ हे क्रियापद मूळचे निव्वळ गरगर फिरण्याचे. ‘ग्राम’चे ‘गांव’ होताना मकाराचा वकार झाला आणि त्याचे अनुनासिक मागील स्वरावर जाऊन बसले, तसेच येथेही घडले, आणि म्हणूनच जुन्या लेखनात ‘भोंवणे’वर तो अनुस्वार इमानाने दिसे. जाळीने फिरवायचा भोवरा, नदीतला भोवरा, बाळाच्या डोक्यावरचा केसांचा भोवरा, उपाशीपोटी येणारी भोवळ, इतकेच काय, ‘भोवती’ हे साधे अव्ययसुद्धा याच कुटुंबकबिल्यातले.

क्रियापदाने स्वतः मात्र फिरणे बहुतेक सोडले; आज गैरसावधपणा भोवतो, बेजबाबदार शब्द भोवतात, म्हणजे केलेले कर्म आपले वर्तुळ पुरे करून कर्त्याच्याच दारी परत येते, आणि मराठीतला इतका सुंदर अर्थविस्तार मला दुसरा चटकन आठवत नाही.