ई. पी. एन. एस. : चांदी नसलेल्या चांदीचं कूळ

मुंबईच्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी चहाची किटली ‘साहेबाच्या काळची अस्सल चांदी’ म्हणून पुढ्यात आली, की मुरलेलं गिऱ्हाईक आधी ती उलटी करतं. बुडाशी चार इवल्या चौकटींत चार अक्षरं उठवलेली असतात : ई, पी, एन, एस. चौकटी ढालीच्या आकाराच्या, अक्षरं बऱ्याचदा जुन्या गॉथिक वळणाची. भिंग न लावता पाहणाऱ्याला वाटावं, विलायती चांदीवरचे सरकारमान्य ठसेच आहेत. तसं वाटावं म्हणूनच ती अशी उठवत.

विलायती चांदीच्या ठशांची परंपरा मोठी आहे. इंग्लंडात १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्यानं तपासलेल्या चांदीवर बिबळ्याचं मुंडकं उमटू लागलं. १५४४ पासून पाऊल उचलून चाललेला सिंह आला. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या कारखानदारीच्या गावांना १७७३ साली स्वतःची तपासणी कचेरी मिळाली. बर्मिंगहॅमनं जहाजाचा नांगर घेतला, शेफील्डनं मुकुट. असा सिंह असला तर वस्तूत हजारी ९२५ भाग चांदी, हे सरकारनं दिलेलं वचन. ई. पी. एन. एस. मध्ये असं वचन कुणीच दिलेलं नाही. या अक्षरांचा विस्तार ‘इलेक्ट्रो प्लेटेड निकल सिल्व्हर’ असा आहे आणि त्यातला शेवटचा शब्द सोडून बाकी सगळं खरं आहे. निकल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. आपल्याकडे त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात. (स्वयंपाकघरातलं ‘जर्मनचं पातेलं’ वेगळं, ते ॲल्युमिनियमचं.)

म्हणजे या चार अक्षरांत दोन घराणी नांदतात : आतल्या धातूचं आणि वरच्या मुलाम्याचं. पैकी आतल्या धातूचं मूळ ना जर्मनीत, ना इंग्लंडात. ते चीनमध्ये, युनान प्रांतात. तिथल्या काही खनिजांत तांबं आणि निकल दोन्ही होतं. त्यात जस्त मिसळून चिनी कारागीर एक पांढरा, घट्ट, सहसा न गंजणारा धातू करत. त्यांच्या भाषेत ते नुसतं ‘पांढरं तांबं’. युरोपियनांनी कँटनच्या उच्चारावरून पाकटाँग केलं. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हा धातू लंडनला पोहोचला आणि श्रीमंतांच्या घरांत त्याच्या मेणबत्त्यांच्या घोड्या आणि शेगडीपुढचे कठडे झाले. शेगडीपुढे चांदी टिकत नाही, काळवंडते, पाकटाँग टिकतं. त्या काळच्या पाकटाँगच्या वस्तूंना आज संग्राहकांमध्ये चांगला मान आहे.

पण हा धातू आहे तरी कशाचा, हे युरोपात कुणाला ठाऊक नव्हतं. उत्तर त्यांच्या पायाखाली होतं. सॅक्सनीच्या खाणकामगारांना पूर्वापार एक लालसर दगड सापडे. दिसायला तांब्याच्या खनिजासारखा, पण भट्टीत घालून कितीही फुंकला तरी तांबं निघत नसे. वर त्यातल्या आर्सेनिकच्या धुरानं माणसं आजारी पडत. त्यांनी दोष दिला निकल नावाच्या भुताला, म्हणजे तिकडच्या चकव्याला. १७५१ साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेट या खनिजशास्त्रज्ञानं अशाच खनिजातून नवा धातू वेगळा काढला आणि भुताचंच नाव त्याला चिकटलं. पुढे पाव शतकात स्वीडनमध्येच पाकटाँगचं पृथक्करण झालं आणि त्यात तांबं, निकल, जस्त असल्याचं कळलं.

कळणं निराळं आणि करणं निराळं. निकल स्वस्तात आणायचं कुठून? इथे मला या कुळकथेतला सर्वांत गमतीचा दुवा दिसतो. सॅक्सनीत चिनी मातीच्या भांड्यांवरचा निळा रंग कोबाल्टपासून तयार होई. रंग काढून घेतल्यावर भट्टीच्या तळाशी जो निरुपयोगी गाळ उरे, त्यात निकल भरपूर. चिनी भांड्यांची नक्कल करताना उरलेल्या कचऱ्यातून चिनी धातूची नक्कल निघाली! १८२३ च्या सुमारास प्रशियातल्या एका उद्योगमंडळानं चांदीसारख्या धातूसाठी बक्षीस लावलं. त्याच वर्षी श्नेबर्ग गावच्या गाइटनरनं आपला ‘अर्जेन्टान’ तयार केला. पाठोपाठ बर्लिनच्या हेनिगर बंधूंनी ‘नॉयजिल्बर’, म्हणजे नवी चांदी, बाजारात आणली. नाव ठेवणाऱ्यानंच पहिली थाप मारली, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं घराणं मुलाम्याचं. त्याचा मूळपुरुष शेफील्डचा चाकू-सुऱ्या करणारा थॉमस बोल्सोव्हर. १७४३ च्या आसपास सुरीची मूठ दुरुस्त करताना तांबं आणि चांदी प्रमाणाबाहेर तापून एकजीव झाली, आणि लाटून पाहिलं तर दोन्ही धातू बरोबरीनं पसरले, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, पद्धत अगदी तशीच होती : तांब्याच्या जाड पाटीवर चांदीचा पत्रा ठेवायचा, भट्टीत सांधायचा आणि मग रुळांखाली हवा तितका पातळ लाटायचा. बोल्सोव्हरनं यातून बटणं केली. पुढच्यांनी कॉफीपॉट, तबकं, मेणबत्त्यांच्या घोड्या केल्या. यालाच शेफील्ड प्लेट म्हणतात.

या पत्र्याची एक अडचण होती. कापला की कडेला तांबं उघडं पडे. म्हणून काठावर चांदीची तार डाखून बसवत. आणि एक खुबी पाहण्यासारखी आहे. घरमालकाची मुद्रा कोरायची तर पातळ चांदी खरवडून तांबं दिसायचं. म्हणून तेवढ्या जागी जाड चांदीचा तुकडा बसवत. जुनं शेफील्ड तबक हातात आलं तर मुद्रेच्या जागेवर तोंडानं वाफ सोडून पाहा. क्षणभर त्या बसवलेल्या तुकड्याची सीमारेषा उमटते आणि वाफ विरली की दिसेनाशी होते. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची जोडणी अशी उघडी पडताना पाहण्याचं सुख कुठल्याही सिंहाच्या ठशात नाही.

ही दोन घराणी एकत्र आणली ती बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी. विजेनं मुलामा चढवायची खटपट बरेच जण करत होते, पण चांदी घट्ट बसत नव्हती. जॉन राइट नावाच्या शल्यचिकित्सकानं पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात ती बसते हे दाखवलं. एल्किंग्टननी त्याची युक्ती विकत घेऊन १८४० साली पेटंट केलं. द्रावणात एका बाजूला चांदीची पट्टी, दुसऱ्या बाजूला तयार वस्तू टांगायची आणि वीज सोडायची. पट्टीवरची चांदी झिजत जाते, वस्तूवर चढत जाते. वस्तू जितका वेळ टांगाल तितका थर जाड. सुरुवातीला बॅटऱ्या होत्या, मग १८४४ साली वूलरिचनं फॅरेडेच्या शोधावर बांधलेलं चुंबकी यंत्र कारखान्यात आलं. ते आजही बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. कारखान्यात जुंपलेल्या अगदी सुरुवातीच्या वीजयंत्रांपैकी हे एक, आणि त्याचं काम काय, तर चमचे पांढरे करणं.

आता घडणीचा क्रमच उलटा झाला. शेफील्डमध्ये आधी मुलामा, मग वस्तू. इथे आधी वस्तू, मग मुलामा. काठ लपवायला नको, सांधा दिसायची भीती नको. आत तांबं घेतलं तर चांदी झिजल्यावर तांबूसपणा डोळ्यांत भरतो. जर्मन सिल्व्हर घेतलं तर आतूनही जवळपास पांढरंच दिसतं. एका पिढीत शेफील्ड प्लेटचा धंदा बसला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात एल्किंग्टनची दालनं गाजली, आणि विम्बल्डनमध्ये महिला विजेती जे मोठं तबक डोक्यावर धरते ते १८६४ साली याच कारखान्यात घडलं. ते मात्र खऱ्या चांदीचं आहे, अंशतः सोन्याचं पाणी दिलेलं. फ्रान्समधल्या एका जुन्या कथलाच्या तबकाच्या विद्युत-नकलेवरून केलेलं.

हिंदुस्थानात ई. पी. एन. एस. साहेबाच्या सामानाबरोबर आलं. रेल्वेची उपाहारगृहं, जहाज कंपन्या, क्लब, हॉटेलं यांना चोरीची आणि वापराची चिंता न करता रोज मांडता येईल असं रुबाबदार सामान हवं होतं. कंपनीची आद्याक्षरं कोरलेले असे चमचे आणि साखरदाण्या अजूनही भंगारात निघतात. आणि एका वाटेनं तर हा मिश्रधातू घरोघरी शिरला : १९४० साली सरकारनं रुपयातली चांदी साधारण ९२ टक्क्यांवरून ५० वर आणली. उरलेल्या पन्नासात ४० तांबं, ५ निकल आणि ५ जस्त, म्हणजे जर्मन सिल्व्हरचीच तीन भावंडं. आजीच्या गाठोड्यातले १९४० नंतरचे राजाछाप रुपये सराफाच्या कसोटीवर फिके पडतात ते यामुळे. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकलचा.

माझं मत विचाराल तर ई. पी. एन. एस. ही फसवणूक नव्हे. करणाऱ्यानं वस्तूच्या बुडाशी खरं काय ते छापलं होतं. लबाडी फक्त त्या ढालींच्या चौकटींत होती. सगळी ई. पी. एन. एस. जमवण्यालायकही नाही. शेकडो सारखे चमचे नुसते अडगळ वाढवतात. पण एल्किंग्टनच्या सुरुवातीच्या वस्तू, कुणाची तरी मालकी सांगणारी अक्षरं, आणि शेफील्ड प्लेट (तिच्यावर ही चार अक्षरं नसतातच) हाती आली तर सोडू नये.

आणि घरात असं काही असेल तर तीन गोष्टी टाळा. सराफाकडे मोडीत नेऊ नका. वरची चांदी इतकी पातळ असते की हाती काहीच लागत नाही. रांगोळी किंवा दंतमंजनानं घासू नका. चमच्याची पाठ टेबलावर टेकते तिथे आधीच पिवळट धातू डोकावत असतो, उरलेला मुलामा तुम्ही काढाल. आणि कडेला तांबूसपणा, पोटाला उभा सांधा दिसला तर नव्यानं चांदीचं पाणी अजिबात चढवून घेऊ नका. ते शेफील्ड असण्याचा संभव आहे, आणि पुन्हा मुलामा दिलेल्या शेफील्डला जाणकार संग्राहक निम्मीही किंमत देत नाही.