तळटीप ७ : रनटाइम डिरेक्टरी

७. प्रोग्राम चालू असेपर्यंतच ज्यांना अर्थ असतो अशा फायली (सॉकेट, लॉक, प्रोसेस क्रमांकाची नोंद) ठेवायची जागा. लिनक्सवर तिचा पत्ता ‘एक्सडीजी_रनटाइम_डिर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मिळतो. बहुधा ‘/रन/यूझर/१०००’, यातला शेवटचा आकडा वापरकर्त्याचा क्रमांक. लॉगिन होताच ती तयार होते, शेवटच्या लॉगआउटनंतर पुसली जाते. परवानगी ०७००, म्हणजे रूट वगळता परक्याला आत डोकावता येत नाही. ‘/टीएमपी’ मात्र सर्वांची सामाईक. तिथे अपेक्षित नावाची सिम्बॉलिक लिंक कुणीतरी आधीच पेरून ठेवण्याचा धोका जुना आहे, त्यामुळे लेखकाचा आक्षेप रास्तच. मात्र पुढच्या वाक्यातले ‘सर्वत्र’ लिनक्सपुरतेच घ्यावे. मॅकओएस हे व्हेरिएबल देत नाही; तिथे ‘टीएमपीडिर’ हे ‘/व्हार/फोल्डर्स’खालची, प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी डिरेक्टरी दाखवते. तिचा पत्ता लांबलचक असतो, आणि सॉकेटच्या पत्त्याला तिथे १०४ बाइटांचीच मर्यादा असल्याने (लिनक्सवर १०८) ही लांबी खरोखर नडते. विंडोजवर याला नेमका पर्याय नाही. अशा कामासाठी तिथे बहुधा नेम्ड पाइप वापरतात, आणि त्यांना डिस्कवर जागा लागत नाही.