गाव वसवायचं तर आधी काय द्यायचं? पुण्याच्या पेठांची आणि एका पत्राची गोष्ट

आजचा भाग थोडा वेगळा आहे. लढाई नाही, तह नाही. आज बोलायचंय ते ओस पडलेल्या बाजारपेठेबद्दल.

तुमच्या तालुक्याच्या गावातली जुनी पेठ आठवून बघा. लाकडी फळ्यांची दुकानं, अर्ध्यांना कुलूप. हायवेला नवीन कॉम्प्लेक्स झाला, गिऱ्हाईक तिकडे गेलं. मग कुणीतरी म्हणतं, सरकारने काहीतरी करायला पाहिजे. पण काय करायचं? सबसिडी द्यायची, कर माफ करायचा, रस्ता करायचा की नुसते पेव्हर ब्लॉक बसवायचे? हा प्रश्न आपल्याकडे निदान पावणेचारशे वर्षं जुना आहे. आणि त्याची उत्तरंही लिहून ठेवलेली आहेत.

सुरुवात पुण्यापासून करू. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केलं. गावावरून गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, असं सांगतात. म्हणजे काय, तर इथे आता कुणी राहायचं नाही. त्यातच १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ. माणसं परागंदा झाली. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यात आले, सोन्याचा नांगर फिरवला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो.

पण जरा थांबा. नांगर सोन्याचा असो की लोखंडाचा, एकदा फिरवून पीक येत नाही. त्यामागचं खरं काम कागदावर झालं. त्या कागदाचं नाव कौल.

कौल म्हणजे सरकारने दिलेला लेखी शब्द. पडीक जमीन कसायला ये, पहिल्या वर्षी सारा अगदी नाममात्र घेऊ, मग दरवर्षी थोडा थोडा चढवू आणि काही वर्षांनी पूर्ण दर लागेल. या चढत्या हप्त्याला इस्तावा म्हणायचे. यातली हुशारी बघा. सूट आहे, पण तिला शेवट आहे, आणि तो शेवट पहिल्याच दिवशी ठरलेला आहे. शेतकऱ्याला माहीत, कितव्या वर्षी किती भरायचं. अधिकाऱ्यालाही माहीत.

आता ही पद्धत शेतातून बाजारात कशी आली ते बघू.

१७३० मध्ये बाजीरावांनी शनिवारवाड्याचं काम सुरू केलं आणि पुणं वाढायला लागलं. पण वाडा बांधला म्हणून शहर होत नाही. वाणी पाहिजे, सोनार पाहिजे, तांबट पाहिजे, साळी पाहिजे. हे लोक आपलं चाललेलं दुकान सोडून नव्या जागी का येतील? म्हणून पेठ वसवायची जबाबदारी एखाद्या माणसावर सोपवली जायची. शुक्रवार पेठ वसवली जिवाजीपंत खासगीवाले यांनी, १७३४ च्या सुमारास. नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्यांना तिथे सात वर्षं कर माफ होता. अनेक कौलांमध्ये मोहतर्फा, म्हणजे दुकानं-धंद्यांवरचा कर, आणि वेठबेगारही माफ असायची. कारागिराला फुकट राबवून घेणार नाही, ही हमी त्या काळात करमाफीइतकीच मोलाची होती.

पेठेचे दोन वतनदार असायचे, शेटे आणि महाजन. बाहेरगावचे व्यापारी आणायचे, त्यांना जागा लावून द्यायची, भांडणं मिटवायची. बदल्यात दुकानागणिक ठरलेला हक्क, कधी पैशात, कधी वाणसामानात. म्हणजे पेठ चालली तर शेट्यांचं चालणार. सरकारच्या खिशातून पगार नाही.

शिवाय सरकारने स्वतःही खर्च केला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणलं. ते वाड्यापर्यंत गेलं, तसंच रस्त्यातल्या हौदांतही आलं. करमाफीने माणूस येतो, पण पाण्याशिवाय राहणार कसा?

ऐकायला सगळं छान वाटतंय ना? पण याला दुसरी बाजू आहे. शेटेपण वंशपरंपरागत. पेठ वसवायला खपला आजोबा, हक्क खातोय नातू. प्रोत्साहन म्हणून दिलेली गोष्ट हळूहळू वतन होऊन बसली. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पुण्याच्या बाजाराचं मोठं गिऱ्हाईक होतं पेशव्यांचा दरबार आणि सरदारांचे वाडे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, दरबार उठला आणि शहराची वस्ती घसरली. कौल दुकानदार आणू शकतो. गिऱ्हाईक मात्र कौलाने येत नाही.

आता ते पत्र. माझ्या मते आजच्या भागाचा जीव त्यातच आहे.

५ सप्टेंबर १६७६. शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलं. मतलब असा: गावोगाव फिर. कुणब्यांना गोळा कर. कुणाकडे माणूसबळ आणि बैल किती आहेत बघ. ज्याच्याकडे कसायची ताकद आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे दे. खायला धान्य नसेल तर धान्य दे. वसुली करताना व्याज लावू नकोस, नुसतं मुद्दल घे, तेही त्याला झेपेल तसं हळूहळू. यासाठी दोन लाख लारी खर्च झाली तरी चालेल. लारी म्हणजे तेव्हा कोकण किनाऱ्यावर चालणारं चांदीच्या तारेचं नाणं. आणि ज्यांना जुनी बाकी देणं शक्यच नाही, तिच्या माफीसाठी आम्हाला कळव.

फरक लक्षात आला? पेठेच्या कौलात सूट जागेला होती. जो येईल त्याला, आणि येऊ शकतो तो, ज्याच्याकडे आधीच थोडं भांडवल आहे. या पत्रात मदत माणसाला आहे. तीही सरसकट नाही, एकेकाच्या घरी जाऊन, याचं नेमकं अडलंय कुठे ते बघून. आणि सरकारचा स्वार्थही लपवलेला नाही. पडीक जमीन लागली की वसूल वाढेल, हे त्याच पत्रात सरळ लिहिलंय.

आता आजच्या काळात या. महाराष्ट्राने १९६४ मध्ये प्रोत्साहनांची सामूहिक योजना आणली, कारखाने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जावेत म्हणून. केंद्राने १९७९-८० मध्ये छोट्या आणि मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना सुरू केली, २०१६ मध्ये गावांच्या समूहांसाठी रूर्बन मिशन आलं. नावं बदलली, प्रश्न तेच राहिले. सूट कधी संपणार हे आधी ठरलंय का? ती वतन तर होणार नाही? पाणी येतंय का? आणि गिऱ्हाईक कुठून येणार?

तुमच्या नगरपरिषदेत पुढच्या वेळी बाजारपेठ सुशोभीकरणाचा फलक लागला, तर हे चार प्रश्न विचारा. आणि पाचवा रामाजी अनंतांचा: दुकानं बंद पडलेल्या माणसांना जाऊन कुणी विचारलं का, की बाबा, तुझं अडलंय कुठे?

तुमच्या गावची पेठ कुणी वसवली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!