१२७ खेळाडू आणि एक स्टॉपवॉच

ऑगस्ट १९५७. कॅलिफोर्नियातील शॉक्ली सेमीकंडक्टरमध्ये जेम्स गिबन्स या तरुणाची मुलाखत चालली होती. समोर हाती स्टॉपवॉच घेतलेले विल्यम शॉक्ली. आदल्याच वर्षी नोबेल मिळवलेले. प्रश्न असा : बाद पद्धतीच्या टेनिस स्पर्धेत १२७ खेळाडू आहेत, तर विजेता ठरेपर्यंत सामने किती? गिबन्स यांनी लगेच १२६ हे उत्तर दिले. प्रत्येक सामन्यात एक बाद होतो आणि बाद व्हायचे आहेत १२६. शॉक्लींचा व्यवसाय ट्रान्झिस्टरचा. तरीही सॉफ्टवेअर अभियंत्याच्या मुलाखतीचा इतिहास सांगू पाहणाऱ्याला या प्रसंगापाशी थांबावेच लागते.

त्याच सुमारास, १९५५ मध्ये, आयबीएमने प्रोग्रामरांसाठी कल-चाचणी तयार केली होती. संख्यामाला, आकृत्यांतील साम्य, अंकगणिती तर्क असे तिचे स्वरूप. हा धंदाच नवा, अनुभवी माणूस कोठून आणणार? या चाचणीतील गुण आणि पुढचे काम यांचा संबंध क्षीणच आढळत राहिला. पण ती स्वस्त होती, आणि एका वेळी शेकडोंची परीक्षा घेता येत होती. १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १३७८ प्रोग्रामरांची पाहणी केली. त्यांत स्त्रिया १८६. निष्कर्ष निघाला की प्रोग्रामरांना कोडी आवडतात, माणसे आवडत नाहीत. कोडी घालून निवडलेल्यांना कोडी आवडतात, यात नवल ते काय? परंतु हे वर्णन पुढे निवडीचाच निकष बनले, असे इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी दाखवले आहे. एनिअ‍ॅक या संगणकाचे पहिले प्रोग्रामर सहा स्त्रिया होत्या, याची आठवण मात्र मागे पडली.

नव्वदीच्या दशकात मायक्रोसॉफ्टची गटाराची झाकणे गोल का, हा प्रश्न दंतकथा झाला. २००४ मध्ये गूगलने तर रस्त्याकडेच्या फलकावरच गणिती कोडे लावले. आणि २०१३ मध्ये त्याच कंपनीच्या मनुष्यबळ-प्रमुखांनी अशी कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असल्याची कबुली दिली. कोड्यांची जागा फळ्यावर लिहायच्या प्रोग्रामने घेतली, आणि त्याच्या तयारीचे स्वतंत्र वाङ्मय उभे राहिले. मूळ कवितेपेक्षा गाइड अधिक खपते, हे आपल्याला काही नवे नाही.

मोठ्या कंपनीतल्या अभियंत्याचा दिवस प्रत्यक्षात जातो तो वाचण्यात. कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेल्या हजारो ओळी समोर असतात आणि त्याला तसे का लिहावेसे वाटले असेल, याचा अंदाज बांधायचा असतो. आपण याला पाठचिकित्सा म्हणू. मुलाखतीत ती क्वचितच तपासली जाते.

गिबन्स यांना नोकरी मिळाली. पुढच्याच महिन्यात, शॉक्लींनी पारखून घेतलेले आठ जण त्यांच्या वागण्याला कंटाळून एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली.